पश्चिमेचं दार

सूर्यकांत सरांनी घरात पाऊल टाकलं आणि पहिलं काम काय केलं, तर पश्चिमेचं दार ओढून घेतलं आणि वर कडी चढवली. मग दोन्ही खिडक्या. साडेअकरा वाजत आले होते, आणि डोंगराकडच्या सायवनला बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एप्रिलात या वेळी दुसरं काही सुचत नाही. अकराच्या सुमारास घर लावून घ्यायचं आणि चारपर्यंत उन्हाला तोंड दाखवायचं नाही, हा तिकडचा कायदा.

"आता बघ, दहा मिनिटांत कसं गार होतं," ते सुधाताईंना म्हणाले आणि पिशवीतून थर्मामीटर काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. विज्ञानाचे शिक्षक! निवृत्त झाले म्हणून काय झालं?

समुद्रकाठच्या नरपडमध्ये, चिकूवाडीतलं हे घर भाड्यासाठी आज बघितलेलं तिसरं. पहिल्यावर पत्रे होते. दुसरं वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली, आणि स्लॅबचं नाव निघालं की सर विषयच बदलत. सायवनच्या घराची कौलं उतरवून स्लॅब त्यांनीच टाकला होता, मोठ्या हौसेनं. गेल्या मेमध्ये त्याच्याच खाली सुधाताई स्वयंपाक करता करता कोसळल्या. तीन दिवस सलाइनवर होत्या. "आणखी एक उन्हाळा इथे काढू नका," डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. सुधाताई त्यावरून एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि सरांना तेच जास्त लागत होतं. आता २०१६ चा मे चार दिवसांवर आला होता.

दहा मिनिटं झाली. पारा तेहेतीसवर शहाण्यासारखा बसला होता. सुधाताई मात्र घामानं निथळत होत्या.

"सायवनपेक्षा सात अंश कमी आहे, सुधा!"

"अंश कमी असतील हो. मला श्वास घेववत नाहीये." त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. "दर्याजवळही असंच असेल तर कशाला उगाच वणवण? चला, परत जाऊ. जे व्हायचं ते आपल्या घरात होऊ दे."

घराची किल्ली घेऊन सर पुढल्या अंगणात आले. मालक नसताना वाडी सांभाळणारी रूपी तिथे सावलीत बसून कोयत्यानं ताडगोळे फोडत होती.

"घर चांगलं आहे हो," सर म्हणाले, "पण नाही जमायचं. आत फार कोंडतं."

रूपीनं किल्ली घेतलीच नाही. तिनं मान वाकडी करून घराकडे पाहिलं.

"दारं कोणी लावली?"

"मी. ऊन वाढलं ना."

यावर रूपी जी हसायला लागली, ती कोयता बाजूला ठेवूनच. "काय सर तुम्ही! वाऱ्याला बाहेर उभा केला न वर म्हणता घर कोंडतं! कुठले तुम्ही?"

"सायवनचे."

"तरीच! माझं माहेर तिकडलंच. लग्न होऊन इकडे आले, तर पहिल्या उन्हाळ्यात मी पण दार लावून बसायची. सासू म्हणाली, पोरी, सूर्य डोक्यावर आला का दर्या वारा धाडतो, तू त्याला दारातून हाकलते काय? तिकडं लावायचं, सर. इकडं उघडायचं."

परवानगीबिरवानगी काही न विचारता ती आत शिरली, आणि खिडक्या उघडून पश्चिमेच्या दाराची कडी तिनं खाली ओढली.

सुरूच्या झाडांतून वारा सरळ घरात घुसला. खारट, ओलसर, वाळत्या बोंबलांचा थोडा वास घेऊन. खिळ्यावरचा थर्मामीटर टकटक हलायला लागला. पारा अजून तेहेतीसच दाखवत होता, पण आता त्याच्याकडे बघतंय कोण! सुधाताईंचा पदर खांद्यावरून उडाला. "अगं बाई!" त्या म्हणाल्या आणि तोंड दाराकडे करून उभ्या राहिल्या. मग बसल्या. मग "जरा पाठ टेकते" म्हणत तिथेच फरशीवर आडव्या झाल्या. लोकांकडे गेल्यावर कधी आडवी न होणारी बाई ही, आणि बघता बघता चक्क गाढ झोपली. दुपारची अशी झोप सरांनी वर्षभरात पाहिली नव्हती.



"रूपीताई," सर म्हणाले, "तुम्ही नसता तर आज आम्ही परत गेलो असतो हो." आणि त्यांनी हात जोडले.

रूपी लाजून मागे सरली. "असं नका करू, सर. मी काय केलं? दारच तर उघडलं."

तेवढ्यात वाऱ्याचा जोर वाढला आणि दार भिंतीवर आपटलं. सुधाताईंची पापणी हलली. अडकवून ठेवायला दाराला काही नव्हतं. रूपी दगड बघायला वळली, तर सर तोवर फरशीवर बसलेसुद्धा. पांढऱ्या पँटीची पर्वा न करता पाय लांब पसरून, पाठीनं दार भिंतीला दाबून.

"उठा सर, दगड लावते," रूपी कुजबुजली.

सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मालकांना फोन लावा," ते हळूच म्हणाले. "सांगा, घर घेतलं. भेटायला संध्याकाळी येतो म्हणावं, आत्ता मला इथून उठता येत नाही."