रंग दिसला पाहिजे

खुडूक कोंबडीनं दुसरं पिल्लूही मारलं. एकच टोच, बरोब्बर डोक्यात.

दोलांगनं ते उचलून बाजूला ठेवलं. मेलं तरी रंग तसाच होता, जत्रेतल्या बर्फगोळ्यासारखा गुलाबी. उरलेली दहा तिच्या पोलक्यात होती, छातीशी. ओली, थरथरती. त्यांतली तीन-चार माना टाकायला लागली होती.

"रंगवली कुणा मेल्यांनी?" शेजारच्या म्हाताऱ्या ओन्यांगआत्यानं विचारलं.

"सरकारनं. आपल्या वाडीला गुलाबी, नदीपलीकडे निळी. कुणी मदतीची पिल्लं विकली, तर रंगावरून चोर सापडतो म्हणे."

"शहाणे आहेत. वादळानं घरं नेली, तो चोर नाही सापडला यांना."

वादळाला अठरा दिवस झाले होते. माड आडवे, विजेचे खांब आडवे, लाकूड न लाकूड भिजलेलं. जिथं चूल पेटत नव्हती तिथं पिल्लांना ऊब कुठली? अख्ख्या वाडीत ही एवढी एकच खुडूक उरली होती, दोलांगच्या खांबांवरच्या घराखाली टांगलेल्या पाटीत. गारठून मेलेल्या अंड्यांवर हटून बसली होती. आणि सरकारी कागदावर लिहिलं होतं, बारांतली निदान आठ पिल्लं जगली नाहीत, तर त्या घराचं नाव तांदळाच्या यादीतून कट. दोलांगच्या घरात दोन नातवंडं होती. तांदूळ त्या यादीत होता, दुसरीकडे कुठंच नव्हता.

"परकी पिल्लं कोंबडीखाली अंधारात सारायची असतात गं, पोरी. हे मी तुला सांगू?"

"अंधार पडेस्तोवर ही जगतात का, आत्या?"

दोलांगनं कमरेचा काळा घागरा सोडला. नवऱ्याच्या सुतकाचा, वर्षभर अंगावरून उतरायचा नाही असा. नुसत्या परकरावर उभी राहून तिनं तो पाटीवर टाकला आणि भरदुपारी पाटीत रात्र केली. मग घागऱ्याखाली हात घातला. एक मेलेलं अंडं बाहेर, एक जिवंत पिल्लू आत. दहा वेळा. कोंबडी आधी गुरगुरली. मग तिचा आवाज बदलला, खोल, घशातला, आया काढतात तसा.

दोलांग तिथंच चिखलात बसली.

तेवढ्यात कचेरीची मॅडम आली. कोवळी पोर, बूट चिखलानं भरलेले, हातात फोन. "मावशी, पिल्लं मिळाली ना? चला, फोटो काढू. ते कापड काढा."

"नका हो, मॅडम. कोंबडीला रंग दिसला की मारते. दोन मारलीत. रात्रभर अंगाखाली राहू देत, उद्या या."

"उद्या मी तिसऱ्या बेटावर. होडी थांबलीय माझी."

"मग राख फासते. करडी दिसली तर घेईलही ती."

"अहो, राख कशी चालेल? रंग दिसला पाहिजे. कोंबडी, पिल्लं आणि तुम्ही, तिन्ही एका फोटोत. फोटो नाही तर नाव पुढं जात नाही. मी काय करू, मावशी? वरूनच तसं आहे."

दोलांगनं वर पाहिलं. वर घराची फळी होती. फळीच्या फटीतून धाकट्या नातवाची टाच दिसत होती.

"पाच मिनिटं द्या," ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही वर बसा. पाऊस आहे."

मॅडम शिडी चढून गेली. दोलांगनं घागऱ्याखालून कोंबडी अलगद काढून काखेत घेतली.

"आत्या, सुई दे तुझी. आणि दोरा."

ओन्यांगनं अंबाड्यातली दोरा ओवलेली सुई काढून पुढं केली, मग तिला कळलं. तिनं सुईवरचा हात सोडला नाही. "दोलांग. पाप लागेल."

"लागू दे. तांदळाच्या रांगेत माझ्या मागं उभं राहील."

"अगं, ती खाणार कशी?"

"मी भरवीन. हातानं. पिल्लांना पिसं फुटली की दोरा कापीन." दोलांगनं सुई ओढून घेतली. "पाय धर तिचे. घट्ट."

तिचा बाप पारध करायचा. रानपारव्याच्या पापण्या शिवून त्याला फांदीवर बसवायचा, त्याच्या घुमण्याला भुलून बाकीचे यायचे. कोंबडीची पापणी खालून वर येते. दोलांगनं ती बोटानं वर सरकवली आणि धरून ठेवली. दोन टाके. दुसऱ्या डोळ्याला दोन. कोंबडी ओरडली नाही. ओन्यांगच रडत होती, तोंडात पदर कोंबून.

रक्ताचा एक थेंब आला, तो दोलांगनं जिभेनं पुसला. मग कोंबडी पाटीत ठेवली आणि घागरा बाजूला केला.

उजेडात पिल्लं भडक गुलाबी पेटली. कोंबडीनं मान वळवली. एकदा या बाजूला, एकदा त्या. एका पिल्लाच्या डोक्यावर चोच टेकवली. चोच तशीच राहिली, मग हळूच खाली घसरली आणि पंख उघडला. एकेक करून दहाही पिल्लं पोटाखाली शिरली, आणि पिसांतून गुलाबी डोकी बाहेर काढून बघायला लागली.

"मॅडम!" दोलांगनं हाक मारली.

मॅडमनं चार फोटो काढले. एक आडवा, दोन उभे, एक अगदी जवळून.

"अय्या, ही तर काहीच करत नाही! तुम्ही उगाच घाबरत होता, मावशी. झोपाळू आहे का?"

"नाही," दोलांग म्हणाली. "समजूतदार आहे."

"खरंच किती शांत!" मॅडमनं फोन पुसून खिशात टाकला. "सगळ्यांकडे अशीच पाहिजे."