भौतिकशास्त्राचा तास चालू आहे

१९७८ साली त्या कॉलेजात भौतिकशास्त्राला एकच विद्यार्थिनी उरली, तीही शेवटच्या वर्षाची.

बाकीचे नव्या अभ्यासक्रमांकडे पळाले होते. प्लास्टिक तंत्रज्ञानाला जागा मिळत नव्हती. रक्त काढायला शिकवणाऱ्या वर्गात तर मुलं खिडकीत बसत. दोन्हीकडे शिकलं की लगेच नोकरी. भौतिकशास्त्राची तिसऱ्या मजल्यावरची खोली मात्र मोठी, भरपूर उजेडाची आणि रिकामी. प्राचार्यांचा त्या खोलीवर डोळा होता. पण नियम आडवा आला. एक जरी विद्यार्थी येत असेल, तर वर्ष संपेपर्यंत विषय बंद करता येत नव्हता. वर्षअखेरीस तो पास झाला, तर विषय पुढेही चालणार. नापास झाला, तर विषय बंद आणि खोली मोकळी.

आणि ती येत होती. प्राचार्यांनी तासाची वेळ सकाळी सातची केली. ती त्याआधीच कठडा धरून, दम खात वर पोचलेली असे. मागून फळा दिसत नाही म्हणून पहिल्या बाकावर बसे.

भौतिकशास्त्राच्या बाई झाडून सगळ्या विद्यार्थ्यांना अहोजाहो करत.

“आज एकट्याच का तुम्ही?” हजेरी घेताना त्या गमतीनं विचारत.

“एकटी कुठली? तुम्ही आहात की.”

मग फळा भरून जाई, पुसला जाई, पुन्हा भरे.

प्लास्टिकच्या मुलांनी तिचं नाव ‘गुरुत्वाकर्षण’ ठेवलं होतं. जिन्यात कुणी तशी हाक मारली, की ती म्हणे, “मग हलवून दाखव!”

रक्ताच्या वर्गाच्या सिस्टर मात्र हटून बसल्या. खोली त्यांनाच हवी होती. ती त्यांच्याकडे गेली आणि सरळ सौदा केला.

“तुमची मुलं एकमेकांचे हात टोचतात. त्या शिरा आंधळ्यालाही सापडतील. माझा हात घ्या. पण माझ्या तासाला खोली मागायची नाही.”

सिस्टरनी तिचा दंड बांधून पाहिला आणि हसून मान डोलावली.

“शीर हाताला लागते आणि पळते!” पहिलाच मुलगा घामाघूम होऊन म्हणाला.

“पळेल नाहीतर काय? तुझा चेहरा बघितला तिनं. हास जरा, थांबेल.”

तो हसला. शीर सापडली.

परीक्षा जवळ आली, तसं प्राचार्यांनी तिला बोलावलं. प्लास्टिकचे विभागप्रमुख समोरच बसले होते.

“नाव काढून घे,” प्राचार्य म्हणाले. “या वयात हट्ट सुटत नाही, कळतं मला. पण लोक हसतात.”

“हसू देत. दात दाखवायला पैसे पडत नाहीत.”

“घरी काय म्हणतात?”

“ते रोज जेवताना ऐकतेच की, सर.”

विभागप्रमुख उगाचच खोकले.

“काय मिळणार आहे तुला यातून?”

“पाण्यातला चमचा वाकडा का दिसतो, असं मी लहानपणी विचारलं होतं. सगळे म्हणाले, आधी तो घासून ठेव. आता शिकल्याशिवाय उठणार नाही.”

तेवढ्यात प्राचार्यांना तिच्या हातावरचा काळानिळा डाग दिसला. ते खुर्चीतून ताडकन उठले. “हे कुणी केलं?”

“मी करू दिलं. हात माझा आहे.”

ती परीक्षेला बसली आणि पास झाली. काठावर, पण पास.

विषय राहिला. पुढच्या वर्षी त्या बाकांवर चार डोकी दिसली, नंतर वर्ग भरला. बाई त्याच खोलीतून निवृत्त झाल्या. प्लास्टिकला मागच्या मैदानात स्वतंत्र इमारत मिळाली आणि विभागप्रमुखांचा खोकला थांबला. घामाघूम झालेला तो मुलगा मोठ्या इस्पितळात लागला. तिथं कुणाला सापडत नाही ती शीर शोधायला त्यालाच बोलावतात.

ती स्वतः पास झाली त्याच वर्षी पदवी घ्यायला गेली, तेव्हा व्यासपीठावर प्राचार्यच उभे होते. सभागृह टाळ्या वाजवत होतं. पदवी हातात देताना त्यांनी हळूच विचारलं, “आता पुढं काय? प्लास्टिक?”

“विचार चालू आहे, सर.”

“सर पुरे झालं,” प्राचार्य तिचा हात धरून पायऱ्या उतरवत म्हणाले. “चल, घरी सगळी नातवंडं वाट बघतायत, आई.”