शेवटच्याने लावायचं फाटक

वेल्सच्या डोंगरातली ती सायकलवाट मेंढ्यांच्या कुरणांतून जाते, त्यामुळे दर मैलाला एक फाटक. येस्टिन, गेथिन आणि नेरिस या तिघा मित्रांचा नियम साधा होता: शेवटच्याने फाटक लावायचं आणि "लावलं!" अशी आरोळी ठोकायची. येस्टिनचा दम कमी, म्हणून शेवटचा कायम तोच.

पहिल्या दिवशी चढावर त्याचे पाय भरून आले होते. सायकलवरून न उतरताच तो ओरडला, "लावलं!"

वर पोचल्यावर त्याने मागे पाहिलं. मेंढ्या खालच्या रस्त्यावर आल्या होत्या. एक मोटारीपुढे पडली होती, आणि म्हातारा मेंढपाळ टोपी काढून तिच्याशेजारी बसला होता. येस्टिनने मान फिरवली आणि पॅडल मारलं.

त्यानंतर प्रत्येक फाटक त्याने कडी दोनदा हलवून लावलं, पण आरोळी काही तोंडातून फुटेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेथिन थोडा पुढे, पाठमोरा, चाकात हवा भरत होता. नेरिसने मनुका घातलेल्या पावाचा तुकडा पुढे केला. येस्टिनला तो घेववेना.

"नेरिस, ते पहिलं फाटक मी लावलंच नव्हतं गं. मेंढी मेली माझ्यामुळे. तेव्हापासून लाजेने एकदाही ओरडलो नाही."

"काहीतरीच काय! दर फाटकाला ओरडतोयस की. कान किटले आमचे."

खाली, मघाशीच मागे टाकलेलं फाटक वाजलं. कडी दोनदा हलली.

"लावलं!"

आवाज येस्टिनचाच होता. नेरिसच्या हातातला पाव तसाच राहिला.

गेथिनने वळून न बघताच पंप पिशवीत टाकला. "चला, आला एकदाचा येस्टिन."