पहिलं दळण

पाणचक्कीला एक घंटा होती. पेटीतले दाणे संपत आले की ती वाजायची, कारण नुसते दगड एकमेकांवर फिरले तर त्यांची वाट लागते.

नदी वळवली, चाक थांबलं, तरी म्हातारपणी बाबा अंथरुणातून हाक मारायचे, "पोरी, घंटा वाजतेय. दाणे टाक गं."

"बाबा, चक्की कधीच बंद पडलीय. पडून राहा पाहू."

मूठभर दाणे टाकायला आपलं काय जात होतं? बाबा गेल्यापासून हेच तिला खात होतं.

आता जुना वारसा म्हणून चक्कीची डागडुजी चालली होती. मिस्त्रींनी वरचा दगड उतरवून भिंतीला टेकवला आणि घंटा काढून तिच्याकडे दिली. "ताई, जरा घासून लख्ख करा."

भर दुपारी ती घंटा घासत बसली होती, आणि वर, रिकाम्या खुंटीपाशी, घंटा वाजू लागली.

मिस्त्रींनी वर पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या घंटेकडे.

पहिल्या दळणासाठी आणलेल्या गव्हाची तिने मूठ भरली. "टाकते हं, बाबा," म्हणत पेटीत सोडली. आवाज थांबला.

मिस्त्रींनी खाली पिठाच्या कोठीत हात घातला. तो पांढराफटक होऊन बाहेर आला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "पीठ ऊन आहे."