पळपुट्यांची सावड

“तुम्हाला सावडीत घेता येत न्हाय, दगडूतात्या,” सावडीचा म्होरक्या महालिंगप्पा पारावरून म्हणाला आणि पानाला चुना लावायला लागला.

दगडोबा खालीच उभा. शेतात ज्वारी वाळून काढणीला आलेली आणि आभाळ गच्च भरलेलं. एकदा गारा पडल्या की वर्षाची भाकरी मातीत. काढायला घरात माणसं दोनच, तो आणि बायको मथुराबाई, त्यात त्याची कंबर गेलेली. लेक बब्रुवान दिवाळीत तापानं गेला, नाहीतर म्हातारा मेला असता पण या पाराशी आला नसता.

आज सगळ्यांनी मिळून ह्याची ज्वारी काढायची, उद्या त्याची, अशी गावाची सावड. दगडोबा तिच्यात कधी गेलाच नाही. रझाकारांच्या साली गाव रातोरात निजामाच्या सरहद्दीपलीकडं पळालं, हा एकटा कुऱ्हाड घेऊन घरात राहिला. गाव परतल्यावर ह्यानं तोंडावर सुनावलं होतं, “पळपुट्यांच्या सावडीत आपुन न्हाय.” बरं, बोलला ते बोलला, पण इतकी वर्षं तेच धरून बसला. अकड तरी किती असावी माणसाला!

“चुकलं माजं,” दगडोबा म्हणाला. “पाया पडतो. ज्वारी जाईल रं अप्पा.”

महालिंगप्पानं वर बघितलं नाही. तो हो म्हणाला असता तर पारावरचे बाकीचे लगेच उठले असते. आता कुणीच उठेना.

सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं, तशी मार्तंड मास्तरांनी सोलापूरहून आलेला पेपर रोजच्यासारखा मोठ्यानं वाचायला घेतला. युरोपातल्या देशांनी मिळून एक बाजार केला होता. आधी इंग्लंड त्यात आलं नाही. आता येतो म्हणत होतं, तर फ्रान्सच्या अध्यक्षांनी नकार दिला.

“आदी का न्हाय आलं?” दगडोबानं विचारलं.

“महायुद्धाच्या लढाईत बाकीचे पडले, इंग्लंड एकटं उभं राहिलं. तेव्हापासून त्यांना वाटायचं, आपल्याला कुणाची गरज नाही.”

“आन् लढाईत ह्यो फ्रान्सवाला कुटं हुता?”

“इंग्लंडातच. त्यांनीच त्याला आसरा दिला.”

“मंग त्यो कशाला घेतोय,” दगडोबा म्हणाला. डोळे पुसले आणि वाकलेल्या कमरेनं शेताकडं वळला.

महालिंगप्पानं मान खाली घातली. रझाकारांच्या साली तो दगडोबाच्याच घरात, धान्याच्या बळदात लपला होता, आणि दगडोबानं ते आजही तोंडातून काढलं नाही.