उघड्या नळीचा आवाज

सायलेन्सर उभा चिरला होता. लुक्यानने आत डोकावून पाहिलं. चकत्या वाकून गोळीच्या वाटेत आल्या होत्या. ड्रोनने टाकलेल्या बॉम्बचा एक तुकडा त्याच्या डोक्याऐवजी बंदुकीवर बसला होता. दुसऱ्या तुकड्याने छातीवरचा वॉकी-टॉकी फोडला होता. आता गोळी झाडायची तर सायलेन्सर काढूनच. आणि तशी झाडली, की वीस पावलांवर बसलेला झेनिक आवाजाच्या रोखाने हातबॉम्ब टाकणार. ठरलंच होतं तसं.

ठरलं सकाळी. ओस्किल नदीच्या अलीकडचा हा खंदक तिघांनी मिळून घेतला, तेव्हा धुरातून कोणीतरी अस्सल युक्रेनियनमध्ये ओरडलं होतं, "भावांनो, थांबा, आपलेच आहोत!" तिघांतला पानास उठून उभा राहिला आणि त्याच बाजूने आलेल्या गोळीने पडला. तो आता खंदकाच्या तोंडाशी रेनकोटाखाली होता. यापुढे माणसाच्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही, फक्त बंदुकीच्या, असं झेनिकने जाहीर केलं. तुकडीचे सगळे सायलेन्सर त्यानेच लेथवर कातलेले होते. शत्रूकडे या भागात असलं काही नव्हतं.

"दाजी, बंदूक खोकली तर तुम्ही. भुंकली तर ते. भुंकणाऱ्याची मी चौकशी करत बसणार नाही."

"आणि भुंकणारा मीच निघालो तर?"

"तर ताईला सांगेन, दाजींनी माझा माल नीट वापरला नाही. ती माझीच बाजू घेईल, बघा."

ते खरंच होतं. झेनिक लुक्यानच्या बायकोचा, ओरिस्याचा, धाकटा, एकुलता भाऊ. दोघांना स्टेशनवर निरोप देताना ती नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "तुम्ही याल हो कसेही. त्याला आणा."

त्या भावाच्या मांडीत आता गोळी होती. रक्त थांबवायला जखमेच्या वर आवळून बांधलेल्या पट्ट्याला अडीच तास झाले होते. भिंतीला टेकून, तीन हातबॉम्ब पुढ्यात घेऊन तो दोन वळणांमागे बसला होता आणि लुक्यान खंदकाचं हे टोक राखत होता. इथे खंदक संपत होता. अंग चोरायला साधा कोनाडाही नव्हता. आणि झेनिकचा नेम लुक्यानला माहीत होता. द्रोहोबिचला सासुरवाडीच्या अंगणातून हा पोरगा शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडची नासपती दगडाने पाडायचा, तीही न बघता.

लुक्यानने मातीच्या काठावरून डोळे वर काढले. दोन माणसं. सूर्यफुलाच्या वाळक्या धांड्यांतून पोटावर सरपटत झेनिकच्या वळणाकडे निघाली होती. त्यांच्या आणि झेनिकच्या मध्ये पंधरा पावलं, फार तर.

ओरडून काय होणार होतं? झेनिकला वाटलं असतं, पुन्हा तेच नाटक. त्याने ओरडणाऱ्याच्या अंगावर बॉम्ब टाकला असता, आणि तेवढ्यात ही दोघं त्याच्या डोक्यावर पोचली असती.

लुक्यानने सायलेन्सरला हात घातला. तो अजून तापलेला होता. आटे अडकले. दोन्ही हातांनी पिळला, तेव्हा हातमोजा करपल्याचा वास आला, मग तळव्याचा. सायलेन्सर निघाला. तो त्याने पायाशी टाकला.

पहिली गोळी अरुंद खंदकात कानशिलात बसल्यासारखी वाजली. पुढचा माणूस धांड्यांत तोंड खुपसून राहिला. मागचा वळला. दुसरी. तिसरी. तोही हलायचा थांबला.

लुक्यान खाली बसला. गुडघे पोटाशी घेतले, तोंड उघडं ठेवलं, हात डोक्यावर. एक. दोन. ओरिस्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर नासपतीच आठवली. पाच. सहा.

काही आलं नाही.

दहापर्यंत मोजून झाल्यावर त्याला हसू फुटलं. ओळखलं पोराने! कसं कोण जाणे, ओळखलं.

"झेनिक! मी आहे रे! तुझा माल फुटला!"

स्वतःचा आवाज त्याला ऐकू आला नाही. कानांत नुसती शिट्टी वाजत होती. म्हणजे तिकडून झेनिक शिव्या घालत असेल, तरी कळणार नव्हतं. तो वाट बघत राहिला. कान मोकळे होईनात. त्याचं हसू हळूहळू ओसरलं. झेनिकने ओळखलं असेल तर कशावरून? उघड्या नळ्या सगळ्या सारख्याच वाजतात. चौकशी करत बसणार नाही, असं तो स्वतः म्हणाला होता. तीन बॉम्ब पुढ्यात होते. आणि शुद्धीवर असताना झेनिकने ठरलेली गोष्ट केली नाही, असं लुक्यानने बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.

तो उठला. पहिल्या वळणाकडे पाहिलं. पाऊल उचलेना.

मग त्याने बंदुकीची उघडी नळी आभाळाकडे केली आणि झाडली. थांबला. पुन्हा झाडली. पुन्हा. डोळे वळणावरच्या आभाळाच्या पट्टीवर खिळवून, ऐकू न येणाऱ्या आवाजात तो विनवत होता, "फेक ना रे. फेक."