लाल पट्टीची पुस्तकं

"वय किती?" मल्हारीने विचारलं.

नवसाबाईंनी जरा विचार केला. "सध्या पाचच धरा, भाऊ. वाचून मी दाखवणार. घरीच शिकवायचंय."

पंचवटीतल्या त्या छोट्या वाचनालयात मुलांचं कपाट म्हणजे मल्हारीचा जीव की प्राण. पुस्तकांच्या पाठीवर त्याने स्वतः रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. लाल पट्टी पाच-सहा वर्षांच्या मुलांची, पिवळी सात-आठची, हिरवी त्यापुढची. वयाला न झेपणारं पुस्तक मुलाला वाचून दाखवू नये, असं तो येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगे. ऐकून त्यांचे कान किटले होते.

समोरच्या बाई पन्नाशीच्या. तेव्हा नातू असणार, हे त्याने ठरवून टाकलं. फॉर्म भरताना त्यांनी 'नवसाबाई आहेर' एवढंच सांगितलं. मधलं नाव विचारल्यावर पदर सावरून नुसत्या हसल्या. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणाऱ्या बायका मल्हारीला रोजच्याच होत्या. त्याने ती जागा रिकामी सोडली.

"शाळेत का नाही, मावशी?"

"शाळा होती की. दिवाळीत ताप मेंदूत गेला. जीव वाचला, पण होतं नव्हतं ते सगळं पुसून गेलं. अक्षरसुद्धा ओळखू येत नाय." त्या एवढं शांतपणे म्हणाल्या की मल्हारीलाच कसंतरी झालं. "जूनला शाळा उघडते. त्याआधी साहेबांपुढे वाचून दाखवावं लागेल. नाय जमलं, तर शाळा कायमची सुटली."

जानेवारीचा महिना होता. मल्हारीने लाल पट्टीची वीस पुस्तकं निवडून क्रमाने यादी करून दिली. आधी चित्रं जास्त आणि शब्द कमी, मग हळूहळू उलट. मार्चपर्यंत पिवळ्या पट्टीवर येऊ, असा त्याचा हिशेब होता.

नवसाबाई दर शनिवारी येत. स्वतः चौथी शिकलेल्या, पण पुस्तक घरी नेण्याआधी तिथेच बाकावर बसून एकदा पुटपुटत वाचून घेत. मार्च उलटला, एप्रिल अर्धा गेला, आणि तरी त्या लालच पट्टी मागत होत्या. कोकराची गोष्ट त्यांनी चौथ्यांदा नेली, तेव्हा मल्हारीला राहवलं नाही.

"राग मानू नका मावशी, पण पोर मठ्ठ दिसतंय. याला आमच्या खंडेराव गुरुजींसारखा मास्तर हवा होता. दगडाला वाचायला शिकवतील असा माणूस."

नवसाबाईंचा पिशवीत गेलेला हात तिथेच थांबला. "तुम्हाला होते ते?"

"पहिलीपासून चौथीपर्यंत. चांदवडकडे, आमच्या गावात. शाळेच्याच खोलीत एकटे राहायचे, रात्रंदिवस आमच्यात. त्यांच्यामुळे मी या खुर्चीत बसलोय."

"कसं शिकवायचे?"

एवढं कोणी विचारायचाच अवकाश. मल्हारीने पेन खाली ठेवलं. गुरुजी गोष्ट वाचून दाखवायचे, आणि ऐन रंगात आली की एका शब्दापाशी थांबायचे. तो शब्द कोणीतरी बोलल्याशिवाय पुढे सरकायचेच नाहीत. मग बोलणाऱ्याला जवळ बोलवून, त्याचं बोट धरून, तोच शब्द पानावर शोधायला लावायचे. पोरं गोष्टीच्या ओढीने वाचायला शिकली.

"आणि चुकलं तर?"

"छडी नाही की ओरडणं नाही. 'जवळ आलं, अजून एक पाऊल,' एवढंच म्हणायचे."

नवसाबाईंनी ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. थांबायचे ते शब्दाच्या आधी की शब्द अर्धा बोलून, हेही विचारलं. मग म्हणाल्या, "आता तुम्हाला ओळखतील का?"

"मला? हजारात ओळखतील. दर वर्षी म्हणतो गावाकडे जाऊन भेटून येऊ, पण राहून जातं."

त्यांनी कोकराचं पुस्तक पिशवीत घातलं. दाराशी जाऊन वळल्या. "मठ्ठ नाय हो," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या शनिवारी त्या आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. तीन शब्द ओळखले होते. त्यानंतरच्या शनिवारी अकरा. मल्हारीला गुरुजींचा असा अभिमान वाटला की त्याने येईल त्याला हा किस्सा ऐकवला. मेच्या शेवटी मात्र लागोपाठ दोन शनिवार त्या फिरकल्याच नाहीत. शाळा उघडायला दहा दिवस राहिले होते. आपण मठ्ठ म्हणालो, ते मल्हारीला आता खुपायला लागलं.

रविवारी सकाळी पिवळ्या पट्टीचं एक पुस्तक आणि रंगीत पेन्सिलींची पेटी घेऊन तो फॉर्मवर लिहिलेल्या मखमलाबाद नाक्याजवळच्या पत्त्यावर पोचला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून नवसाबाईंचा आवाज येत होता. कोकराचीच गोष्ट.

"कोकरू पळत पळत टेकडीवर गेलं, आणि खाली बघतं तर..." आवाज थांबला.

मल्हारीही दाराशीच थांबला. नदी. त्याच्या ओठांवर शब्द आलाच होता. आतून काहीतरी अस्पष्ट पुटपुटणं ऐकू आलं.

"जवळ आलं," नवसाबाई म्हणाल्या. "अजून एक पाऊल."

मल्हारीचे डोळे भरून आले. तीस वर्षांपूर्वीचं वाक्य, जसंच्या तसं. त्याने पेन्सिलींची पेटी पुढे धरली, दार ढकललं आणि मोठ्याने म्हणाला, "कुठाय आमचा हुशार विद्यार्थी?"

नवसाबाई दचकून उठल्या. त्यांनी पटकन खाटेसमोर आडवं उभं राहायचं पाहिलं, पण उशीर झाला होता. खाटेवरच्या माणसाने मांडीवरच्या पुस्तकातून मान वर केली, मल्हारीकडे अनोळखी नजरेने पाहिलं आणि पुन्हा ओळीवर बोट ठेवलं.

ते खंडेराव गुरुजी होते.